राक्षसाचा पोपट आणि माहूरचा परशुराम

मागच्या पावसाळ्यात एका रात्री होस्टेलची लाईट गेली आणि सगळी पोरं गच्चीवर जमली. मी रेक्टर म्हणून गोंधळ थांबवायला वर गेलो आणि तिथंच बसलो. विषय हॅरी पॉटरचा चालला होता. व्होल्डेमॉर्टला मरायचं नसतं, म्हणून तो आपल्या आत्म्याचे तुकडे करतो आणि डायरी, अंगठी, लॉकेट अशा वस्तूंत दडवून ठेवतो. एकजण मोठ्या उत्साहाने हे समजावून सांगत होता. तेवढ्यात फर्स्ट इयरचा एक मुलगा म्हणाला, "यात काय नवीन आहे? राक्षसाचा जीव पोपटात, हे आमची आजी सांगायचीच की!"

मित्रांनो, पोरगं बरोबर बोललं. सात समुद्रापलीकडे झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव. ही गोष्ट ऐकली नाही असं मराठवाड्यातलं घर सापडणं अवघड. पण ती छापील पुस्तकात कशी गेली हे फार जणांना ठाऊक नसतं. सर बार्टल फ्रिअर 1862 ते 1867 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. 1865-66 च्या हिवाळ्यात ते दख्खनच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांची मुलगी मेरी सोबत होती आणि मेरीची आया होती अ‍ॅना लिबेराटा डिसूझा. अ‍ॅनाचं घराणं मूळचं लिंगायत, पुढे गोव्यात ख्रिस्ती झालेलं. नवरा तरुणपणीच तापाने गेला, पदरात दोन मुलं, म्हणून ती नोकरीला लागली. तंबूंच्या मुक्कामात मेरीला कंटाळा यायचा, तेव्हा अ‍ॅना आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिला सांगायची. मेरीने त्या लिहून घेतल्या आणि 1868 मध्ये लंडनला 'ओल्ड डेक्कन डेज' या नावाने पुस्तक निघालं. त्यातली पहिलीच गोष्ट आपल्या पोपटाची! पुढे फ्रेझरसारख्या पंडिताने देशोदेशीच्या अशा कथा गोळा केल्या, त्यात हीसुद्धा घेतली. पण मूळ सांगणारी कोण, तर दख्खनमधली एक आया आणि तिच्याही मागे तिची आजी.

अ‍ॅनाच्या गोष्टीत राक्षसाऐवजी पंचकिन नावाचा जादूगार आहे. त्याने बालना राणीला पळवून बारा वर्षं कोंडून ठेवलंय आणि तिच्या नवऱ्याला, दिरांना दगड करून टाकलंय. त्याच्या जिवाची व्यवस्था पाहा. घनदाट जंगल, मधे ताडांचं रिंगण, रिंगणात एकावर एक सहा पाण्याचे घडे, सहाव्या घड्याखाली पिंजरा, पिंजऱ्यात हिरवा पोपट आणि भोवती हजारो राक्षसांचा पहारा. आपल्या भाषेत सांगायचं तर सिक्युरिटी जबरदस्त, पण बॅकअप शून्य! सगळा भार एका पोपटावर. व्होल्डेमॉर्टने निदान एकाच्या ऐवजी अनेक ठिकाणी जीव ठेवायची अक्कल दाखवली. तरी उपयोग झाला नाही ही गोष्ट वेगळी.

मला मात्र डिझाईनपेक्षा दुसरीच चूक जास्त विचार करण्यासारखी वाटते. पोपटाचा पत्ता शोधून काढला कोणी? कोणीच नाही. पंचकिनने स्वतःच सांगितला. बालनाचा मुलगा मोठा होऊन लपतछपत आईपाशी पोचतो. त्याच्या सांगण्यावरून ती जादूगाराशी गोड बोलते आणि विचारते, "तुम्हाला इतरांसारखं मरण आहे का हो?" आणि हा फुशारकी मारत सगळं ओकून टाकतो. बारा वर्षं ती त्याला नाही म्हणत होती, आज पहिल्यांदा चार शब्द बरे बोलली, एवढ्यावर गडी विरघळला. मरण नसलेल्या माणसालासुद्धा कोणीतरी आपल्याशी नीट बोलावं असं वाटतंच. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मुलगा पोपट आणतो, आधी दगड झालेल्यांना जिवंत करून घेतो, मग पोपटाचा पंख उपटला की जादूगाराचा हात गळतो, पाय उपटला की पाय. लहानपणी इथे आम्ही टाळ्या वाजवायचो.

एकदाच वाजवल्या नाहीत. आमचं गाव औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. आमच्या घरातले आजोबा गेले. नंतर कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो आणि तिथे संध्याकाळी आजीने आम्हा पोरांना हीच गोष्ट सांगितली, आम्ही गप्प बसावं म्हणून. पोपट मेला, राक्षस मेला, आणि माझ्या चुलत बहिणीने विचारलं, "आजी, आपल्या आबांचा पोपट कुठं होता?"

आजी काही बोलली नाही. उठून चुलीकडे गेली.

आपल्याकडे अमर पात्रांचा दुसराही प्रकार आहे, चिरंजीवांचा. ते सातजण: अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम. यांचा जीव कुठे दडवलेला नाही, त्यांना मरणच नाही. वाढदिवसाला आपण 'चिरंजीव' म्हणून आशीर्वाद देतो, पण यादीतलं पहिलंच नाव बघा. अश्वत्थाम्याने झोपेतल्या पोरांना मारलं, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं. त्याला कृष्णाने मारलं नाही. महाभारतातला शाप असा, की तीन हजार वर्षं एकटा भटकशील, तुझ्याशी कोणी बोलणार नाही. कपाळावरचा मणी काढून घेतला, तिथली जखम भळभळती. लोककथेत तो अजून दारोदार जखमेसाठी तेल मागत फिरतो. म्हणजे फाशीपेक्षा मोठी शिक्षा कोणती, तर न मरणं!

अमेरिकेत नॅटली बॅबिट या लेखिकेने 1975 साली 'टक एव्हरलास्टिंग' नावाची मुलांची कादंबरी लिहिली, तिचाही विषय हाच. (इंग्रजी सोपं आहे, सुट्टीत वाचून होईल.) टक कुटुंबातले चौघे चुकून एका झऱ्याचं पाणी पितात आणि तिथेच थांबतात. धाकटा जेसी कायमचा सतरा वर्षांचा, त्याला मजा वाटते. थोरल्या माईल्सचं वय वाढत नाही हे पाहून त्याची बायको घाबरते आणि पोरं घेऊन निघून जाते. दहा वर्षांच्या विनीला जेसी त्या पाण्याची बाटली देतो, सतरा वर्षांची झालीस की पी म्हणतो. विनी ते पाणी एका बेडकावर ओतते आणि स्वतः मोठी होते, लग्न करते, म्हातारी होऊन मरते. बेडूक मात्र अजून असेल.

माईल्सचं वाचताना मला आपला परशुराम आठवला. माहूर आपल्या नांदेड जिल्ह्यातलंच. तुमच्यातले बरेच जण गडावर जाऊन आले असतील, पण देवीचा फक्त मुखवटाच का, हे किती जणांनी विचारलं? कथा अशी सांगतात. सहस्रार्जुनाने जमदग्नीला मारलं. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात बापाचा देह आणि दुसऱ्यात आई रेणुका, असं चालत चालत माहूर गाठलं. तिथे दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून अंत्यविधी केले, रेणुका सती गेली. परशुराम चिरंजीव, पण आई नाही. तो रडत बसला. तेव्हा आकाशवाणी झाली की तुझी आई डोंगरातून वर येईल, मात्र मागे वळून पाहू नकोस. ज्याच्यापुढे अख्खा काळ पडलाय, त्याला थोडंसं थांबवलं नाही. त्याने वळून पाहिलं. तोवर फक्त मुख वर आलं होतं, तेवढंच राहिलं.

आजीने शेडमध्ये पोपटाची गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. माहूरची सांगायची. 'वळून पाहिलं' इथवर आली की थांबायची. आम्ही दरवेळी चिडून विचारायचो, "पाहू नको म्हणलं होतं ना? मग कामून पाहिलं त्यानं?"

आजी म्हणायची, "माय व्हती की रं त्याची."