जुना ट्रान्सफॉर्मर, नवं इंजिन: 'चालतंय' म्हणजे 'जुळतंय' नव्हे

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी छंदातून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. असलं काही पाहिलं की माळ्यावरचा जुना संच आठवतो. मग आपण नवं इंजिन आणतो, जुन्याच ट्रान्सफॉर्मरवर चालवतो, आणि काय होतं? नॉब जरा फिरवला की इंजिन उडी मारून सुसाट सुटतं. हळू चालतच नाही.

दोष इंजिनाचा नाही. अनेक जुन्या कंट्रोलरमध्ये वेग कमी करायला फक्त एक बदलता रोध, म्हणजे ऱ्हिओस्टॅट, असतो. आता ओहमचा नियम लावून बघा. समजा पुरवठा १२ व्होल्ट आणि रोध १० ओहम. जुनी मोटर ०.६ अँपिअर घेते; रोधात ६ व्होल्ट पडतात, रुळांवर ६ उरतात. नवी मोटर घेते जेमतेम ०.१ अँपिअर. रोधात पडतो १ व्होल्ट, रुळांवर ११! (मोटरचा प्रवाह व्होल्टेजप्रमाणे बदलतो, त्यामुळे हा ढोबळ अंदाज समजा.) म्हणजे नॉब व्होल्टेज ठरवतच नव्हता. नॉब आणि जुनी मोटर मिळून ते ठरवत होते.

उपाय? रुळांना समांतर १२ ओहमचा रोध जोडा. ६ व्होल्टला तो ०.५ अँपिअर घेईल, इंजिनाचे ०.१ धरून पुन्हा ०.६. फक्त रोध दणकट घ्या. पूर्ण १२ व्होल्टला त्यात १२ वॉट उष्णता होते.

डिजिटल इंजिन असेल तर मात्र थांबा. मार्कलिनच्या जुन्या एसी पद्धतीत दिशा बदलायला २४ व्होल्टचा झटका देतात. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला असेल आणि घरात २३० येत असतील, तर झटका २५ होतो. २५३ आले तर साडेसत्तावीसच्या पुढे. जुन्या यांत्रिक रिलेला त्याचं काही वाटत नसे. इलेक्ट्रॉनिक डिकोडर जळू शकतो. आणि वायरचं इन्सुलेशन तडकलेलं असेल, तर तो ट्रान्सफॉर्मर प्लगला लावूच नका.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? उद्या लॅबमध्ये तुमच्या हाती असाच जुना पॉवर सप्लाय येईल, शेजारी नवा सेन्सर. सीनियर म्हणतील, "लाव रे, चालतो." चालेलही. पण आकडे खरे असतील का?

म्हणून दोन सवयी लावून घ्या. एक, व्होल्टेज मोजाल ते प्रत्यक्ष भार जोडून मोजा. मोकळ्या टोकांवरचं वाचन फसवतं. दोन, मीटर नेमकं काय मोजतो ते विचारा. फिल्टर नसलेल्या पूर्णतरंग डीसीवर साधा मल्टीमीटर १२ दाखवतो ती सरासरी. शिखर जवळपास १९ व्होल्ट असतं. सेन्सर जळतो तो शिखराने, सरासरीने नव्हे.

दोन्ही वाचनं तारखेसकट वहीत लिहा. सहा महिन्यांनी गाईड विचारतील तेव्हा तीच उपयोगी पडतील.