चलान कधीच एपीके होऊन येत नाही

‘आपल्या वाहनावर चलान बाकी आहे. तपशील पाहण्यासाठी सोबतची फाइल उघडा.’ खाली ‘आरटीओ चलान डॉट एपीके’. गेल्या काही वर्षांत हा मेसेज सोसायट्यांच्या, शाळांच्या, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. चलानाच्या जागी कधी लग्नपत्रिका असते, कधी पीएम किसानचा हप्ता, कधी बँकेची केवायसी. नाव काहीही असो, शेवटी एपीके असतंच, आणि पाहायचं ते तिथेच. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. ती कागद दाखवत नाही, फोनमध्ये नवं ॲप आणून ठेवते. चलान खरंच आहे का, हे सरकारी परिवहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहता येतं.

‘पण फाइल तर आमच्या मामांनी पाठवली!’ सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मामांनी आधी तीच फाइल उघडलेली असते. ॲप बसलं की ते फोनमधले नंबर वाचतं आणि मामांच्या नावाने पुढच्यांना फाइल जाते; मामांना पत्ताही नसतो. शंका आली तर त्यांना फोन लावून विचारा. मेसेजवर विचाराल, तर उत्तर देणारा भलताच असू शकतो.

दुसरा समज जास्त घातक आहे: ‘मी ओटीपी कुणालाच सांगत नाही, मग पैसे जातील कसे?’ ओटीपी सांगू नका, हे आपण इतकी वर्षं ऐकलं की धोका फक्त बोलण्यात आहे असं वाटू लागलं. हे ॲप बसल्यावर एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. आपण घाईत ‘अलाऊ’ दाबतो आणि त्यानंतर बँकेचा प्रत्येक ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो. काही ॲप्स ‘ॲक्सेसिबिलिटी’ही मागतात. ही सोय मुळात दृष्टिहीन आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. तिच्यामुळे ॲपला स्क्रीनवरचं वाचता येतं, आपल्या वतीने बटणं दाबता येतात. चलान दाखवायला यातलं काय लागतं? काहीच नाही. बऱ्याचदा बसल्यावर या ॲपचं चिन्हही गायब होतं आणि माणसाला वाटतं, फाइल उघडलीच नाही.

उलट बाजूची भीतीही दूर करायला हवी. फाइल नुसती आली म्हणून फोन हातचा गेला, असं होत नाही. ती बसवावी लागते. अँड्रॉइड ८ पासून तर ज्या ॲपमधून फाइल उघडाल, त्या ॲपला त्यासाठी वेगळी परवानगी द्यावी लागते. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, टेलिग्राम यांच्यापुढे ते बंद आहे ना, पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये हे आजच बघून घ्या.

पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट खरी, हाही समज पक्का बसला आहे. कुलूप म्हणजे चिकटवलेलं पाकीट: मजकूर वाटेत कुणी वाचत नाही, पण पाकीट कोणाच्या घरी चाललंय ते त्यावरून कळत नाही. तसं प्रमाणपत्र कुणालाही फुकट मिळतं. खरी ओळख पत्त्यात असते. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस://’ सोडून पहिल्या तिरक्या रेषेच्या आधीचा भाग पाहा आणि तो शेवटाकडून वाचा. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना ‘बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. तो फक्त बँकांनाच मिळतो. सरकारी खात्यांचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’. मधे बँकेचं नाव असून शेवटी ‘केवायसी-अपडेट डॉट कॉम’ आलं, तर ती साइट बँकेची नव्हे. गुगलवर ॲप शोधताना सर्वांत वर ‘प्रायोजित’ लिहिलेलं दिसलं तर ती पैसे भरून केलेली जाहिरात असते. बँकेच्या संकेतस्थळावर जाऊन तिथल्या दुव्यावरून ॲप घेणं बरं.

प्ले स्टोअर बाहेरच्या साइटपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, पण तिथेही डोळे झाकून घेऊ नये. २०१७ मध्ये तिथे ‘अपडेट व्हॉट्सॲप मेसेंजर’ नावाचं बनावट ॲप आलं होतं. कंपनीचं नाव हुबेहूब. शेवटी फक्त डोळ्यांना न दिसणारी एक रिकामी जागा जास्त. काढून टाकेपर्यंत ते दहा लाखांहून जास्त वेळा उतरवलं गेलं होतं. खऱ्या व्हॉट्सॲपचे डाउनलोड शेकडो कोटींत आहेत, म्हणून नावाबरोबर हा आकडाही पाहावा. जीबी व्हॉट्सॲपसारखी ‘जास्त सोयींची’ रूपं कंपनीची नाहीत. ती वापरल्यास खातं बंद होऊ शकतं.

आयफोनवर एपीके चालत नाही, पण खोट्या साइटवर कार्डाचा नंबर भरला तर तोही जातोच.

ॲप बसलंच असेल, तर नुसतं काढून टाकून भागत नाही. आधी वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला कळवा. पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला आणि मग बाधित फोन फॅक्टरी रीसेट करा. लोक लाजेपोटी हे लपवतात आणि तासन्‌तास वाया जातात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं आहे. त्यामुळे तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.