मंचुरियन, मुक्काम पेण

पेणला चिनी वस्ती नाही, रोह्यालाही नाही. पण दिवेलागणीला पेणच्या एसटी स्टँडच्या आसपास फिरा, लसूण आणि सोया सॉसचा ठसका नाकात शिरतोच. लालभडक गाडी, तिच्यावर आग ओकणारा ड्रॅगन आणि ड्रॅगनच्या वर गाडीचं नाव, तेही एखाद्या देवाचं. आता याचं कुणाला नवल वाटत नाही. हे ‘खरं चिनी’ नव्हे, असं नाक मुरडणाऱ्यांची मला मात्र गंमत वाटते. वडापाव पोर्तुगीज आहे का, असं कोण विचारतं? बटाटा आणि पाव दोन्ही त्यांच्याकडूनच तर आले.

या खाण्याचं माहेर कलकत्ता. तिथल्या टांग्रा भागात हाक्का चिनी कुटुंबांचे कातडी कमावण्याचे कारखाने होते. तिरेट्टा बाजारात आजही सकाळी बाओ, मोमो आणि माशाच्या गोळ्यांचं सूप मिळतं. मुंबईतली चिनी वस्ती गोदीजवळच्या माझगावात होती. ‘सी यप कून’ हे 1919 सालचं छोटं मंदिर तिथे अजून उभं आहे. 1962च्या युद्धानंतर देशातल्या अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं, पुढे कित्येकांनी देशच सोडला. माणसं पांगली, त्यांचं खाणं मात्र गावोगाव पसरलं.

त्यातही मंचुरियन अस्सल मुंबईकर. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो पहिल्यांदा केला, असं सांगितलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपली फोडणी. गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि रस दाट करायला कॉर्नफ्लॉवर. मांचुरियाशी त्याचं नातं नावापुरतं. चिकनच्या जागी कोबी आला आणि हा पदार्थ श्रावणातही चालू लागला.

पेणच्या एका गाडीवर नेपाळी पोरगा दुपारपासून कोबी चिरत असतो. मीठ लावून ठेवलेल्या कोबीला पाणी सुटतं. ते घट्ट पिळायचं, मग मैदा आणि कॉर्नफ्लॉवर घालून गोळे. पिळण्यात आळस केला की पीठ जास्त लागतं आणि गोळा आत चिकट राहतो. गोळे एकदा दुपारी तळून ठेवतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा तेलात. “दादा, एक हाफ ड्राय, तिखट बेताने,” म्हटलं की बर्नर भडकतो, कढईच्या कडेने ज्वाळा वर येते, पळीचा खणखणाट होतो आणि दोन मिनिटांत प्लेट हातात. चव असते ती या जाळाची. घरच्या गॅसवर तसं मंचुरियन होत नाही. ड्रायच मागवा. ग्रेव्हीत शिळा गोळाही लपतो.

गणपतीच्या आधी पेणमधल्या मूर्तींच्या कारखान्यांत रात्री उशिरापर्यंत रंगकाम चालतं, तेव्हा फ्राइड राइसची पार्सलं तिकडे जाताना दिसतात. रोह्याची तऱ्हा थोडी वेगळी. कोकण रेल्वे सुरू होते ती इथून, आणि शेजारी धाटावची एमआयडीसी. शिफ्ट सुटलेल्या माणसाला पोटभर हवं असतं, म्हणून इथे ट्रिपल राइसला मान: भात, नूडल्स आणि वर ग्रेव्ही. शाळकरी पोरं चायनीज भेळेवर खूश. तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, कच्चा कोबी, सिमला मिरची, वर लाल सॉस. ती लगेच खावी, पाच मिनिटांत मऊ पडते.

अजिनोमोटोचा बागुलबुवा अजून आहे. तेही चिनी नव्हे, जपानी: टोकियोच्या किकुनाए इकेदांनी 1908 साली समुद्री शेवाळातून ती चव वेगळी काढली. मला जास्त काळजी वाटते ती पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलाची. काळं, फेसाळ तेल दिसलं की पुढच्या गाडीकडे वळावं.

थंडीत मात्र या गाड्यांना तगडी स्पर्धा असते. शेतात पोपटी लागते: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, वरून जाळ आणि पाण्याचा थेंब नाही. त्या दिवसांत चायनीजची आठवणसुद्धा कुणाला होत नाही.

राहता राहिला शेजवान सॉस. गाडीवरचा सॉस म्हणजे सुक्या लाल मिरच्या, भरपूर लसूण, तेल आणि व्हिनेगर. चीनच्या सिचुआन प्रांताच्या रांधपात जिभेला मुंग्या आणणारं एक फळ पडतं, ते यात नसतं. आणि त्या फळाचं सख्खं भावंड आपल्याकडे आहे: तिरफळ. दक्षिण कोकणात आणि गोव्यात ते बांगड्याच्या तिखल्यात घालतात. रोह्यातल्या एका गाडीवाल्याला म्हटलं, सॉसमध्ये चार तिरफळं टाकून बघ की. तो म्हणाला, “काका, ते मच्छीला ठीक आहे. चायनीजमध्ये कोण खाणार?”