आवाज फाटू नये म्हणून सगळे धडपडतात, गिटारवाले मात्र तो फाडायला पैसे मोजतात

मंडपातला स्पीकर खरखरायला लागला की कुणीतरी ओरडतंच, "अरे कमी कर, आवाज फाटतोय!" साऊंडवाला धावत येतो, नॉब मागे घेतो.

पण रॉक गिटार वाजवणारी माणसं हाच फाटका आवाज मिळावा म्हणून हजारो रुपयांची डबी विकत घेतात, ती पायाजवळ ठेवतात आणि गाण्यात ऐन मोक्याला पायानं दाबतात. या डबीला म्हणतात डिस्टॉर्शन पेडल. बहुतेक पेडल उघडून बघितले तर आवाज फाडायचं खरं काम करणारे असतात तांदळाच्या दाण्याएवढे दोन डायोड.

या सर्किटचं नाव क्लिपर. इलेक्ट्रॉनिक्समध्ये डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलेल्यांना आठवत असेल, सीआरओवर लहरीचं टोक कापलेलं दिसायचं, जर्नलमध्ये आकृती काढायची, सरांची सही घ्यायची आणि विषय संपला. ही कापाकापी नेमकी कशासाठी, ते मात्र राहूनच जायचं.

तर डायोड म्हणजे विजेचा वन-वे रस्ता. त्यातही एक अट. साधा सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळाल्याशिवाय नीट उघडत नाही.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचा पाईप असतो ना, तसंच हे. पाणी पाईपच्या खाली आहे तोवर पाईपचा काही संबंध नाही. तिथवर पोचलं की जास्तीचं पाणी बाहेर. सिग्नलच्या वायरपासून ग्राउंडला डायोड जोडला की ०.६ व्होल्टच्या आसपास असाच ओव्हरफ्लो सुरू होतो आणि लहरीचा वरचा डोंगर सपाट होतो. लहर खालच्या बाजूलाही जाते, म्हणून दुसरा डायोड उलटा जोडायचा. आधी एक रेझिस्टर मात्र हवाच. टाकीत येणारा नळ बारीक असेल तरच ओव्हरफ्लोचा पाईप पुरा पडतो. रेझिस्टर नसेल आणि मागून दमदार करंट आला, तर डायोडच जळतो.

गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल बहुतेक वेळा काहीशे मिलिव्होल्टच्या आतला. तेवढ्यानं डायोड उघडणार नाही. म्हणून पेडल तो आधी वाढवतं. ट्यूब स्क्रीमर नावाच्या प्रसिद्ध पेडलमध्ये नॉब पूर्ण फिरवला तर शंभरपटीहून जास्त.

आता खरी गंमत. कापलं म्हणजे काहीतरी कमी व्हायला हवं, बरोबर? इथे उलट होतं. गिटारची पाचवी तार मोकळी वाजवली की तिची मूळ फ्रिक्वेन्सी ११० हर्ट्झ. (तारेत वरचे सूर आधीच थोडेफार असतात, सोयीसाठी ते बाजूला ठेवू.) त्या गोल लहरीची दोन्ही टोकं सारखी कापली तर तिच्यात ३३०, ५५०, ७७० हर्ट्झ असे तिप्पट, पाचपट, सातपट सूर नव्याने तयार होतात. यातला ३३० म्हणजे जवळपास गिटारच्या सगळ्यात बारीक तारेचा सूर. ती तार कुणी छेडलेलीसुद्धा नसते!

रॉकवाले पूर्ण कॉर्डऐवजी दोनच सुरांचा 'पॉवर कॉर्ड' का वाजवतात, याचंही उत्तर इथेच आहे. ११० आणि १६५ हर्ट्झ एकत्र क्लिपरमधून गेले की ५५ आणि २२० असे नवे सूर निघतात. ५५ म्हणजे मूळ सुराच्या एक सप्तक खाली. छातीत धडधडणारा वजनदारपणा येतो तो यातूनच. पूर्ण कॉर्ड टाकला तर इतके सूर एकमेकांत मिसळतात की खिचडी होते.

हा आवाज गाजला तो मात्र चुकून. नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचं वादन फाटकं उमटलं. ते तसंच ठेवलं गेलं. पुढे तसा आवाज काढणारं माएस्ट्रो फझ-टोन बाजारात आलं आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिसफॅक्शन'नं ते घराघरात पोचवलं. त्यात कापायचं काम ट्रान्झिस्टर करायचे. डायोडवाले पेडल सत्तरच्या दशकात फोफावले.

आता डायोड तोच असला तरी बसवायची जागा बदलली की आवाज बदलतो. १९७८ च्या बॉस डीएस-१ मध्ये सिग्नल वाढवून झाल्यावर डायोड सरळ ग्राउंडला, त्यामुळे लहरीचे कोपरे धारदार आणि आवाज कडक. ट्यूब स्क्रीमरमध्ये डायोड सिग्नल वाढवणाऱ्या भागातच बसवलेत. तिथे मूळ सूर पूर्ण मरत नाही, कोपरे गोलसर राहतात. बॉसच्याच एसडी-१ मध्ये डायोड तीन, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक. वरचं आणि खालचं टोक वेगवेगळ्या उंचीवर कापलं जातं आणि २२० सारखे दुपटीचे सूरही येतात. कानाला हे जरा ऊबदार वाटतं.

हेच डायोड दुसरीकडे पहारेकरी असतात. आर्डुइनो उनोवरच्या चिपच्या पिनांना आतून असे डायोड जोडलेले आहेत. ५ व्होल्टच्या पिनेवर चुकून जास्त व्होल्टेज आलं तर ते सप्लायकडे वळवतात. पण त्यांची ताकद फार थोडी. १२ व्होल्टची वायर थेट लावून "आत डायोड आहे की" म्हणाल, तर चिप जाणार. रेझिस्टर इथेही हवाच.

मग मंडपातला फाटका आवाज वाईट का? कारण तिथे कापाकापी शेवटच्या अँप्लिफायरमध्ये, पूर्ण ताकदीवर होते. वरचे सूर वाढून ट्वीटरमध्ये शिरतात आणि त्याची बारीक कॉइल जळते. पेडलमध्ये हे अँपच्या आधी, एका व्होल्टच्या आत उरकतं. अँप त्याच्या मर्यादेत असला तर स्पीकर सुखरूप.

करून बघायचं असेल तर लॅमिंग्टन रोडवर '१एन४१४८' मागा, काही रुपयांत डायोड मिळतात. मग तेच काढून जागी लाल एलईडी लावा. त्या १.७-१.८ व्होल्टच्या आसपास उघडतात, म्हणून लहर कमी कापली जाते, आवाज मोठा आणि मोकळा येतो. आणि जोरात वाजवलंत तर सुराबरोबर मिणमिणतातसुद्धा.