रिफंडचे रोज शंभर रुपये? कोणत्या रिफंडचे, भाऊ?

"अबे, आठ दिवस झाले ना? मग रोजचे शंभर माग बँकेला. आरबीआयचा नियम आहे!"

स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला व्हिडिओ गेम परत केला आणि पैसे अजून आले नाहीत, असं नागपुरातल्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर म्हणून बघा. समोरचा चहा निवायच्या आत हा सल्ला मिळतो. देणारा अगदी ठाम असतो. त्याच्या मोबाइलमध्ये पुरावाही असतो : व्हॉट्सॲपवर फिरून फिरून धूसर झालेलं चित्र, वर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह, खाली लाल अक्षरांत '१०० रुपये प्रतिदिन'. ते चित्र घेऊन पोरगा बँकेत जातो, काउंटरवर हुज्जत घालतो, हात हलवत परत येतो आणि पुढच्या चार जणांना सांगतो की बँकवाले नियम पाळत नाहीत. असा हा गैरसमज वर्षानुवर्षं ताजा राहतो. एकदा त्याचा नीट समाचार घेऊ.

नियम आहे, खोटा नाही. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी तसं परिपत्रक काढलं. पण त्याचा विषय आहे फसलेले, म्हणजे अर्धवट राहिलेले व्यवहार. तुमच्या खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानदाराकडे पैसे मिळाल्याची खबरच पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे असोत की कार्डावरून केलेली ऑनलाइन खरेदी, मुदत तीच. ती उलटली की रोजचे १०० रुपये सुरू, तेही ग्राहकाने तक्रार करायची वाट न बघता. एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयने पाठवलेले पैसे मध्येच अडकले, तर मुदत एका दिवसाची. व्हॉट्सॲपवरच्या चित्रात यातला फक्त शेवटचा आकडा उरला आहे. तो कशासाठी, हे कापलं गेलं.

आता तुमचा व्यवहार बघा. तुम्ही पैसे भरले, स्टोअरला ते मिळाले, गेम तुमच्या लायब्ररीत आला, तुम्ही तासभर खेळलात, आवडला नाही, परत केलात. यात फसलं काय? काहीच नाही. व्यवहार पूर्ण झाला. त्यानंतर दुकानदाराने तुम्हाला पैसे परत द्यायचं कबूल केलं, हा दुसरा, स्वतंत्र व्यवहार. त्याला शंभर रुपयांचा हिशेब लागू होत नाही. पारख करायची तर प्रश्न एकच विचारा : गेम लायब्ररीत आला होता का? पैसे कापले आणि गेम आलाच नाही, खरेदी नुसती 'पेंडिंग' दाखवत राहिली, तर ते परिपत्रक जरूर दाखवा, हक्काने दाखवा. गेम आला असेल, तर ते चित्र डिलीट करा.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो आणि तो रास्तही आहे. "पैसे कापायला दोन सेकंद लागतात, मग परत द्यायला आठवडा काहून? व्याज खात असतील!"

जाताना पैसे लिफ्टने जातात, येताना जिन्याने येतात. पैसे भरताना तुमची बँक फक्त 'हो, शिल्लक आहे' एवढा निरोप दोन सेकंदांत देते. प्रत्यक्ष हिशेब मागून होतो. परतीच्या वाटेवर निरोपाची घाई कोणालाच नसते. गेम स्टोअर पेमेंट गेटवेला सांगतं, गेटवे आपल्या बँकेला, ती बँक कार्डाच्या नेटवर्कला, नेटवर्क तुमच्या बँकेला. प्रत्येक पायरीवर दिवसभराचे रिफंड गठ्ठ्याने पुढे सरकतात आणि हिशेब जुळल्यावरच सुटतात. समजा, खामल्यातल्या एका मुलाने शुक्रवारी रात्री अकराला रिफंड मागितला. शनिवारी दुपारी 'मंजूर' असा मेल आला. तो शनिवार महिन्यातला दुसरा असेल तर बँका बंद. रविवार बंद. सोमवारी सुट्टी निघाली, तर गठ्ठा हलणार मंगळवारी. मुलाच्या लेखी चार दिवस 'गेले', बँकेच्या लेखी पहिला दिवस आज उजाडला. स्टीम स्वतः मंजुरीनंतर आठवड्याची मुदत सांगतं आणि परदेशी पेमेंटला याहून जास्त वेळ लागू शकतो, हेही सांगतं. ॲपल तर कार्डावरच्या रिफंडला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात असं आपल्या मदत पानावर लिहून मोकळं झालंय. 'मंजूर' हा शब्द वाचून लगेच बँकेचं ॲप रिफ्रेश करत बसायचं, तर अंगठाच दुखेल.

एक गंमत बँकेच्या विवरणात हमखास चकवते. कार्डावरची खरेदी नुसती रोखून ठेवलेली असतानाच, म्हणजे पक्की होण्याआधीच रद्द झाली, तर जमेची नोंद येतच नाही. मूळ खर्चाची ओळच नाहीशी होते. लोक जमेच्या रकान्यात ती रक्कम शोधत बसतात आणि पैसे बुडाले म्हणून ओरडतात. आधी खर्चाची ओळ अजून आहे का, ते बघा. आणि खरेदी क्रेडिट कार्डावरची असेल, तर पैसे क्रेडिट कार्डावरच येणार. बचत खात्याचं पासबुक छापून आणण्यात अर्थ नाही. रिफंड येणार आहे म्हणून कार्डाचं बिल थकवणं तर शुद्ध वेडेपणा. दंड आणि व्याज रिफंडपेक्षा लवकर येतात.

मुदत खरोखरच उलटली असेल, तर बँकेत जाऊन 'सर, पैसे नाही आले' एवढं सांगून भागत नाही. काउंटरवरच्या माणसाला तुमचा गेम दिसत नाही, त्याला नंबर लागतो. कार्डाच्या रिफंडला २३ अंकी एआरएन नंबर असतो, यूपीआयच्या व्यवहाराला १२ अंकी संदर्भ क्रमांक. स्टोअरच्या सपोर्टकडून तो मागून घ्या, सोबत रिफंड निघाल्याची तारीख द्या आणि लेखी तक्रार करून पोच घ्या. त्या नंबरावरून रिफंड कुठे अडलाय ते बँकेला शोधता येतं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत. आणखी एक : गुगल पे किंवा फोनपेने पैसे अडवले, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ही ॲप म्हणजे खिडकी आहे, पैसे बँकेच्या खात्यातच असतात.

कायदा ग्राहकाला काहीच देत नाही, असा उलटा निष्कर्षही काढू नका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत आणि भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही. त्यात म्हटलंय की स्वीकारलेल्या रिफंडचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या किंवा लागू कायद्यांच्या तरतुदींनुसार, वाजवी काळात द्यावेत. वाजवी म्हणजे किती, याचा आकडा तिथे नाही. माझ्या मते ही या नियमांची सगळ्यात ढिली गाठ आहे, आणि आकडा नाही म्हणूनच लोकांनी दुसऱ्या परिपत्रकातला आकडा उचलून इथे चिकटवला. आकडा आहे तो तक्रारीबाबत : तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. सदोष मालाचे पैसे बिलावरच्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत परत न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण गेम सदोष असणं वेगळं आणि 'बॉस हरतच नाही' म्हणून कंटाळा येणं वेगळं. दुसऱ्या कारणासाठी पैसे परत मिळतात ते स्टोअरच्या धोरणामुळे.

ती धोरणंही लोक एकमेकांत मिसळतात. डाऊनलोड केला की रिफंड संपला, हे प्लेस्टेशनच्या दुकानात साधारण खरं आहे, स्टीमवर नाही. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवस आणि २ तासांहून कमी खेळ, या दोन्ही अटी पाळाव्या लागतात. हे धोरण जून २०१५ पासून आहे. 'दोन तास किंवा चौदा दिवस' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. एपिकवरही साधारण हाच हिशेब. जीओजी ३० दिवस देतं, खेळून झाला असला तरी. गुगल प्लेवर ४८ तासांनंतर गुगलकडे नाही, गेम बनवणाऱ्याकडे जावं लागतं. विकत घेतल्यावर दोन दिवसांत सेल लागला, तर परत करून स्वस्तात घेणं म्हणजे लबाडी नव्हे. स्टीमने तशी लेखी मुभा दिली आहे. कधी कधी दुकानदार स्वतःच अटी बाजूला ठेवतो : 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये इतका तुटक्याफुटक्या अवस्थेत बाजारात आला की सोनीने तो दुकानातून काढला आणि पूर्ण पैसे परत दिले. ती कृपा होती, पायंडा समजू नये.

स्टीम वॉलेटमध्ये घेतलेला रिफंड नंतर बँकेत वळवता येत नाही; कुठे हवा ते अर्ज करतानाच ठरवा. बाहेरच्या संकेतस्थळावरून स्वस्तात घेतलेल्या 'की'चे, म्हणजे गेमच्या कोडचे, पैसे स्टीम देत नाही, त्याने ते घेतलेलेच नसतात. रिफंडला उशीर झाला म्हणून बँकेत थेट पेमेंटवर वाद घातला, तर स्टीमचं खातंच गोठू शकतं, त्यामुळे ती शेवटची पायरी. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळण्यावर बंदी घालतो. विकत घेतलेल्या व्हिडिओ गेमशी त्याचं भांडण नाही. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याची ५८ कोटींची फसवणूक झाली आणि पोलिसांनी गोंदियात कोट्यवधींची रोकड पकडली, तेव्हापासून इथल्या घरांत 'गेमचे पैसे' म्हटलं की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. तो बनावट ॲपवरचा जुगार होता. मुलाने हजाराचा गेम घेऊन परत केला, ही त्या रांगेतली गोष्ट नाही.

खरा धोका या वाट बघण्याच्या दिवसांतच असतो. उतावीळ झालेला माणूस गुगलवर 'रिफंड कस्टमर केअर नंबर' शोधतो आणि नेमका चोराच्या हाती लागतो. तो गोड बोलून स्क्रीन शेअर करायला लावतो, 'रिफंडसाठी' क्यूआर स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगतो. पैसे यायला पिन लागत नाही. पिन फक्त पैसे जायला लागतो. हे इतक्या वेळा सांगून झालंय की पुन्हा लिहिताना हात दुखतो, तरी लिहितो.

दुकानदाराशी खरंच वाजलं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही, तर कंपनी कुठलीही असो, राहत्या ठिकाणी, म्हणजे नागपूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क शून्य आहे. मात्र स्टीम फोनवरून मदत देतच नाही. तेव्हा 'स्टीम सपोर्टमधून बोलतोय' असं कोणी म्हणालं, तर त्याचं पुढचं वाक्य न ऐकता फोन ठेवा. आणि चोराकडे पैसे गेलेच असतील, तर कट्ट्यावर सल्ला विचारायला न जाता त्याच तासात सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.