परतूरचे महसुली दफ्तर

परतूर तालुक्याची ओळख करून देताना दुधना नदी, काळी कसदार जमीन, ज्वारी, तूर, कापूस आणि अलीकडचे सोयाबीन एवढे सांगून बहुतेक लेखक मोकळे होतात, आणि मराठवाड्यातील वाचकास त्याहून अधिक सांगण्याची गरजही नसते. माझे कुतूहल मात्र अनेक वर्षे त्या जमिनीच्या कागदपत्रांत गुंतलेले आहे.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके औरंगाबादेतून आले आणि परभणीतून आला तो एकटा परतूर. त्यामुळे ज्यास येथील जुना शेतीइतिहास पाहावयाचा असेल त्यास १९६७ सालचे परभणी जिल्ह्याचे गॅझेटियर उघडावे लागते, आणि त्याही मागे जावयाचे तर निजामी राज्याच्या महसुली दफ्तराशी गाठ पडते. वरिष्ठ कचेऱ्यांचा कारभार उर्दूत, साल फसली, म्हणजे आपले १९४७-४८ तेथे १३५७, महिने आजूर, दै, बहमन असे फारसी. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी अव्वल तालुकदार, गावात वसुलीस माली पाटील, बंदोबस्तास पोलीस पाटील आणि लेखणी पटवाऱ्याच्या हाती. सारा हाली शिक्क्यात, म्हणजे निजामी रुपयांत, भरावयाचा, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये, हा हिशेब ज्याने ध्यानात ठेवला नाही, तो सत्तर रुपयांच्या आकारणीस साठांऐवजी सत्तरच कलदार समजून येथील कुणब्यावरील भार उगाच वाढवून सांगतो. हैदराबाद-मनमाड रेल्वे १९०० च्या सुमारास येथून धावू लागली आणि परतूरच्या कापसास मनमाडमार्गे मुंबईची वाट मिळाली. तो विषय पुष्कळांनी हाताळला आहे.

माझ्या मते या दफ्तरातील सर्वांत मोलाचा कागद निजामी राज्य गेल्यानंतरचा आहे. १९४९ साली जहागिरी खालसा झाल्या, १९५० साली कूळकायदा आला, आणि १९५४ च्या सुमारास जमिनींची गणना होऊन सर्व्हे नंबर, क्षेत्र, कब्जेदार आणि कूळ यांची नोंद करणारे खासरा पत्रक सिद्ध झाले. आजही बांधाचा वा वारसाचा तंटा न्यायालयात गेला की वकील प्रथम विचारतो तो खासरा. त्या पानावरील एका नावाने पिढ्यांचा कब्जा टिकतो अथवा जातो.

२०२३ साली याच जिल्ह्यातील अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणानंतर न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधार्थ मराठवाड्यातील जुनी दफ्तरे उघडली गेली. तो शोध रास्तच होता. परंतु ज्या गठ्ठ्यांतून जातीची नोंद तेवढी टिपून घ्यावयाची, त्यांतच कोणत्या शिवारात कोणते पीक होते आणि जमीन कोण कसत होते हेही लिहिलेले आहे, याकडे कोणी लक्ष दिले नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो. उदाहरणार्थ, सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना धरण झाले आणि नदीकाठची कितीतरी सुपीक जमीन पाण्याखाली गेली. त्या शिवारांचे नंबरवार वर्णन आता या कागदांतच सापडावयाचे.

परतूर परिसरात मोडी व उर्दू वाचणारी जी थोडी वडीलधारी माणसे उरली आहेत, त्यांच्याजवळ बसून तेथील महाविद्यालयीन तरुणांनी आपापल्या गावाचे निदान एका सालाचे पीकनोंदीचे पाहणी पत्रक मराठीत उतरवून काढावे, आणि महसूल खात्याने त्यांस त्याच्या नकला विनाशुल्क द्याव्यात, अशी माझी विनंती आहे.