पोळीमागचा अंगठा

नागपूरच्या मनीषनगरातल्या चक्कीवर लोकवन गव्हाचा डबा लागला की ताज्या पिठाचा वास रस्त्यापर्यंत येतो. त्या पिठात दिल्लीचा पैसाही दळला जातो, हे कळलं तेव्हापासून मी डब्याकडे वेगळ्याच नजरेने बघते.

गव्हाला सरकारी मदत म्हटलं की हमीभाव आठवतो. 2026-27 च्या हंगामासाठी तो क्विंटलला 2,585 रुपये आहे. पण महाराष्ट्रात गव्हाची सरकारी खरेदी नावापुरतीच होते. आपल्याकडचा शेतकरी माल कळमन्याच्या बाजारात नेतो आणि बोलीत निघेल तो भाव घेतो. त्याच्या वावरापर्यंत खात्रीने पोचणारी मदत युरियाच्या बॅगेत असते. 45 किलोची बॅग त्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते. ती बनवायला याच्या कितीतरी पट खर्च येतो आणि तो फरक केंद्र सरकार भरतं.

इतका खर्च कशाचा? हवेचा! बेसा-बेलतरोडीवरून वाहणाऱ्या वाऱ्यात शंभरातले 78 भाग नायट्रोजनच असतो. गहू त्यात बुडालेला उभा असतो, तरी त्यातला कणही त्याला घेता येत नाही. नायट्रोजनच्या दोन अणूंनी एकमेकांना तिहेरी गाठ मारलेली असते. ती गाठ सोडवून अमोनिया करण्याची युक्ती फ्रिट्झ हाबर यांना 1909 च्या सुमारास साधली आणि कार्ल बॉश यांनी 1913 मध्ये तिचा कारखाना उभा केला. आज अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात तेच चालतं: चारशे-पाचशे अंश उष्णता, प्रचंड दाब आणि नैसर्गिक वायूतून काढलेला हायड्रोजन. हा वायू बराचसा परदेशातून येतो. जगात कुठे युद्ध पेटलं की त्याचा भाव उसळतो, पण दुकानातल्या बॅगेची किंमत जागची हलत नाही.

फरक भरायची ही रीत 1977 ची. एस. एस. मराठे यांच्या समितीच्या शिफारशीवरून प्रत्येक कारखान्याचा वाजवी खर्च अधिक 12 टक्के परतावा धरून रक्कम ठरू लागली. पुढे सूत्रं बदलली. मला सर्वांत थक्क करणारा बदल 2018 पर्यंत देशभर लागू झाला. पूर्वी खत जिल्ह्यात उतरलं की कंपनीला पैसे मिळत. आता कृषी सेवा केंद्रातल्या पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा उमटला, विक्रीची नोंद झाली, की मगच कंपनीचा त्या पैशांवर हक्क लागतो.

ते खत गव्हात कुठे जातं? पेरणीनंतर विसेक दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, तेव्हा पहिलं पाणी आणि युरियाचा दुसरा हप्ता देतात. मुळांनी ओढलेला नायट्रोजन पानांत साठतो, दाणा भरताना ओंबीत चढतो आणि प्रथिन होतो. कणीक मळल्यावर जो चिवट ताण येतो, ज्याच्या जोरावर पोळी फुगते, तो या प्रथिनाचाच. किलोभर कणकेत साधारण 20 ग्रॅम नायट्रोजन असतो आणि एका बॅगेत 20 किलोहून थोडा जास्त. म्हणजे काहीच वाया गेलं नाही, तर एका बॅगेत टनभर कणकेपुरता नायट्रोजन आहे!

पण वाया जातंच. बराच भाग हवेत उडतो, काही विहिरीच्या पाण्यात उतरतो. युरिया स्वस्त आणि स्फुरद-पालाश महाग, म्हणून हात युरियाकडेच वळतो आणि जमिनीचा तोल जातो. त्यातून ऐन हंगामात टंचाई आली की काही ठिकाणी ‘लिंकिंग’ होतं: युरिया हवा तर नको असलेलं दुसरं काहीतरीही घ्या. सरकार ज्याच्यासाठी इतका पैसा मोजतं, त्याच्याच खिशात हात घालणारा हा प्रकार मला चीड आणतो.

नोव्हेंबरात खताच्या दुकानासमोर रांग लागते. मातीकामाने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा ओळखत नाही. शेतकरी तो शर्टाला पुसतो आणि पुन्हा काचेवर टेकवतो.